दीक्षाभूमीला मोटारसायकलवर जावे की ड्रायव्हर करून?

अशोक विजयादशमी जवळ आली की नांदेड-लातूरकडच्या आपल्या वस्त्यांतून एकच बोलणे ऐकू येते. औंदा नागपूरला कसे जायचे? पूर्वी हा प्रश्न फारसा नव्हता. ज्याच्याजवळ भाड्याचे पैसे असत तो एस.टी.त बसे, नसत तो ट्रकच्या हौद्यात उभा राहून जाई. आता पुष्कळ घरांपुढे मोटारसायकल उभी आहे. कोणी हप्त्यावर घेतली, कोणी जुनी घेऊन मिस्त्रीकडून नीट करून घेतली. हँडलला पंचशील ध्वज बांधून पाच-सहा गाड्यांची रांग पहाटे अर्धापूरच्या रस्त्याला लागते, तेव्हा पाहणाऱ्याला बरे वाटते. आम्हालाही वाटते.

पण त्याच वेळी घरात दुसरे बोलणे चाललेले असते.

"घरची गाडी असताना जीपवाल्याला हजारो रुपये कशाला द्यायचे, आई?" मुलगा म्हणतो.

"अरे, तुझी गाडी दोघांची. तुझी बायको, लेकरू, मी अन् तुझे बाबा कुठं बसावं?"

"तुम्ही एस.टी.नं या. आम्ही पुढं होतो."

"म्हणजे रातभर माझा जीव टांगणीला."

या दोघांत कोण बरोबर, हे एका वाक्यात सांगता येत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत.

गाडी आपल्या हाताने चालविण्यात जो आनंद आहे, तो केवळ तरुणपणाची मस्ती आहे असे आम्ही मानत नाही. आपल्या समाजाला त्यामागे एक इतिहास आहे. वाहन आणि वाहन हाकणारा, या दोन गोष्टींनी बाबासाहेबांना दोन वेळा अपमान सोसायला लावला आणि त्यांतल्या एका वेळी तर जीवावर बेतले. हे दोन्ही प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहेत. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या त्यांच्या छोट्या आत्मकथनपर पुस्तिकेत ते वाचायला मिळतात.

पहिला प्रसंग १९०१ सालचा. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे होते. वडील सातारा जिल्ह्यातील गोरेगाव येथे नोकरीला होते. त्यांना भेटण्यासाठी बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणी आले नव्हते. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तरांचा चेहरा बदलला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान तयार होईना. अखेर तोडगा निघाला तो असा, की भाडे दुप्पट द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची. गाडीवान बरोबर पायी चालणार. म्हणजे पैसे ड्रायव्हरचे दुप्पट आणि ड्रायव्हर मात्र नाही. त्या प्रवासात रात्रभर त्या लेकरांना कोणी पाणीसुद्धा दिले नाही.

दुसरा प्रसंग १९२९ सालचा, चाळीसगावचा. आता ते बॅरिस्टर होते. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद होते. धुळ्याकडून परतताना चाळीसगाव स्टेशनवर तेथील महार बांधवांनी त्यांना एक रात्र राहण्याचा आग्रह केला. महारवाडा स्टेशनपासून दूर होता आणि वाटेत नदीवरचा पूल होता. बाबासाहेबांसाठी टांगा आणायचा ठरला. बराच वेळ गेला तरी टांगा येईना. शेवटी आला, पण तो हाकणारा नवखा निघाला. थोड्या अंतरावर तो एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे पुलावर चाक कडेच्या दगडावर आपटले. बाबासाहेब पुलाच्या फरसबंदीवर फेकले गेले. घोडा आणि टांगा खाली नदीत कोसळले. बाबासाहेबांचा पाय मोडला, आणि कित्येक दिवस त्यांना हिंडता-फिरता आले नाही.

मागून त्यांना खरी हकिगत कळली. अस्पृश्याला बसवून टांगा हाकणे स्टेशनवरच्या टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. एकजण टांगा भाड्याने द्यायला कबूल झाला, पण हाकायला नाही. तेव्हा आपल्याच माणसांपैकी एकाने, ज्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता, लगाम हाती घेतला. पाहुण्याने पायी चालत यावे हे मानाला शोभणार नाही, असे त्यांना वाटले.

यावर बाबासाहेबांनी जो विचार मांडला आहे, तो आज मोटारसायकलची किल्ली हातात घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात घ्यावा असा आहे. त्या बांधवांच्या प्रेमाबद्दल त्यांनी शंका घेतली नाही. परंतु प्रवाशाच्या मानापेक्षा त्याची सुरक्षितता अधिक महत्त्वाची, आणि नीट हाकणारा मिळतो की नाही याचा विचार आधी व्हायला हवा होता, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. टांगेवाल्याचा जातीचा ताठा त्यांनी सोडला नाही, आणि आपल्या लोकांची चूकही झाकली नाही.

त्या काळी आपल्या माणसाने लगाम हाती घेतला तो नाइलाजाने. आज तसा नाइलाज राहिलेला नाही. नांदेडच्या किंवा लातूरच्या कोणत्याही जीप स्टँडवर जा. काळी-पिवळीवर, क्रूझरवर, मालवाहू टेम्पोवर आपल्या वस्तीतलीच पोरे दिसतील. शिक्षण अर्धवट राहिले, नोकरी मिळाली नाही, म्हणून लायसन्स काढून स्टिअरिंगला बसलेली ही मुले आहेत. कोणाची गाडी मालकाची, कोणाची बँकेच्या कर्जाची. तेव्हा ड्रायव्हर करणे म्हणजे कोणापुढे हात पसरणे किंवा श्रीमंती मिरविणे नव्हे. आपल्याच एका घरात दोन दिवसांची मजुरी जाते.

आता रस्त्याकडे वळू. नांदेड ते नागपूर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. अर्धापूर, हदगाव, मग पैनगंगा ओलांडून उमरखेड, महागाव, आर्णी, यवतमाळ, वर्धा, बुटीबोरी. लातूरकरांना आधी चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेड गाठावे लागते, म्हणजे एका बाजूनेच पाचशेच्या घरात जाते. रस्ता आता पुष्कळ सुधारला आहे. राष्ट्रीय महामार्ग ३६१ झाल्यापासून खड्ड्यांची जुनी रड राहिली नाही. पण रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढतो, आणि वेग वाढला की चूक महाग पडते.

दसऱ्याचे दिवस म्हणजे सोयाबीनच्या काढणीचे दिवस. आपल्या भागात शेतकरी सोयाबीन वाळवायला रस्त्याच्या कडेला, कधी अर्ध्या रस्त्यावर पसरतात. त्यांचीही अडचण आहे, प्रत्येकाजवळ खळे नसते. परंतु दोन चाकांखाली ते दाणे म्हणजे गोट्यांवर पाय ठेवल्यासारखे. जीप त्यावरून निघून जाते, मोटारसायकल आडवी होते. त्यात अवकाळी पावसाची सर आली तर काळ्या मातीचा चिखल ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर डांबरावर येतो. रात्री रानडुकरे आणि रोही आडवे येतात. पुढे डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे १४ जानेवारीच्या नामविस्तार दिनाला विद्यापीठ गेटवर निघालेल्यांना, उसाच्या ट्रॉल्या भेटतात. मागे दिवा नाही, रेडियम नाही. अंधारात ट्रॉली दिसते तेव्हा ती दहा-पंधरा हातांवर आलेली असते.

तरीही जाताना फारसे होत नाही. जाताना अंगात उत्साह असतो, पहाट असते, गाड्या एकमेकांना धरून असतात. खरा धोका परतीचा. आदल्या रात्री झोप नाही. दीक्षाभूमीवर दिवसभर रांगेत उभे राहणे, पुस्तकांच्या स्टॉलवर फिरणे, भाषणे ऐकणे, भोजनदानात जेवणे. मग कोणीतरी म्हणतो, "उद्या कामावर हजर व्हायचंय, आता निघू, पहाटेपर्यंत घरी." मोंढ्यात हमाली करणाऱ्याचा, बांधकामावर जाणाऱ्याचा एक दिवस बुडणे म्हणजे काय, हे आम्हाला कळते. पण चोवीस तास जागा असलेला माणूस रात्री दोन वाजता यवतमाळच्या पुढे हँडल धरून बसतो, तेव्हा त्याला आपला डोळा लागला हेही कळत नाही. चार चाकांत निदान शेजारी बसलेला त्याला हलवू शकतो. मोटारसायकलवर मागे बसलेला त्याच्याही आधी पेंगत असतो.

पैशाचे म्हणाल तर हिशेब लपवून उपयोग नाही. मोटारसायकल स्वस्तच पडते. नांदेडहून जाऊन-येऊन सातशे किलोमीटर धरा. लिटरला पन्नासचे ॲव्हरेज धरले तर १४ लिटर पेट्रोल. लिटरचा भाव शंभराच्या वर, म्हणजे दीड हजाराच्या आसपास. दोघांत माणशी साडेसातशे. आता समजा, नऊ माणसांनी जीप केली आणि किलोमीटरला १६ रुपये ठरले. ११ हजार २०० झाले. त्यात ड्रायव्हरचा दोन दिवसांचा भत्ता आणि टोल मिळवून साडेबारा हजार धरा. माणशी चौदाशेच्या जवळ जातात. चौघांच्या कुटुंबाला दोन मोटारसायकलींवर तीन हजारांत जाता येईल, तेच जीपमध्ये साडेपाच हजार लागतील. अडीच हजारांचा फरक मजुरी करणाऱ्या घराला लहान नाही.

म्हणूनच सगळ्यांनी एकाच वाहनाने जावे असा हट्ट कशाला? एस.टी.त मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास आहे. आजी, आई आणि मुलगी यांचे भाडे जोडून पाहा, पुष्कळदा एस.टी. जीपपेक्षाच नव्हे तर मोटारसायकलपेक्षाही स्वस्त बसते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाताना मोटारसायकलचा विचार कोणी फारसा करत नाही. देवगिरी, नंदिग्राम या गाड्यांना गर्दी करतो. नागपूरच्या बाबतीतच ही चढाओढ लागते.

हिशेबाचा आणखी एक भाग आहे, जो कागदावर कोणी मांडत नाही. मोटारसायकलचा विमा बहुतेकांनी फक्त थर्ड पार्टीचा काढलेला असतो, कारण तेवढा सक्तीचा आहे. गाडीचा मालक लायसन्स घेऊन स्वतः चालवीत असेल तर त्याला १५ लाखांपर्यंतचे वैयक्तिक अपघात संरक्षण घेता येते, आणि ते घेतलेले असेलच असे समजू नये, पॉलिसी उघडून पाहावी. पण मागे बसलेल्या बायकोचे काय? नुसत्या थर्ड पार्टी विम्यात आपल्याच गाडीवर मागे बसलेल्या माणसाला संरक्षण मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्येच स्पष्ट केले आहे. मागे बसणाऱ्यासाठी थोडे जास्त पैसे भरून वेगळे संरक्षण घ्यावे लागते. ज्या घरात एकाच मोटारसायकलवर नवरा, बायको आणि मधे दोन लेकरे निघतात, त्या घराने हे आजच एजंटाला विचारावे. कायद्याने चालक आणि मागे एक, एवढीच परवानगी आहे. चार वर्षांखालच्या मुलाला न्यायचे तर हेल्मेट, चालकाला बांधलेला पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, असा नियम २०२३ पासून लागू झाला आहे. ताशी चाळीसने नागपूर किती तासांत येईल, हे ज्याचे त्याने पाहावे.

जीपच्या बाबतीतही एक गफलत होते. ओळखीच्या माणसाची पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी स्वस्तात मिळते म्हणून लोक घेतात. खासगी गाडी भाड्याने वापरली आणि काही झाले, तर विमा कंपनी हात वर करू शकते. पिवळ्या पाटीवर काळे आकडे असलेली, परवाना आणि फिटनेस असलेली गाडी घेतली तर आत बसलेल्या प्रवाशांचा विमा सक्तीचा असतो, तोही परवान्यात लिहिलेल्या सीटांपुरता. नऊच्या गाडीत पंधरा कोंबले की प्रश्न पुन्हा उभा राहतो. गाडीच्या नंबरावरून विमा आणि फिटनेसची मुदत सरकारच्या एम-परिवहन ॲपवर पाहता येते. दहावीतली कोणतीही मुलगी घरात दोन मिनिटांत पाहून देईल.

ड्रायव्हर केला म्हणजे सगळी चिंता मिटली असेही नाही. ड्रायव्हर आदल्या रात्री लग्नाचे भाडे मारून आलेला असेल तर तो आणि आपला मुलगा सारखेच. मोटार वाहतूक कामगारांसाठी २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, असे तो सांगत असे. लांब पल्ल्यासाठी दहा तासांपर्यंत सूट होती. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४२ मध्ये त्यांनी आठ तासांच्या दिवसाचा मुद्दा मजूर परिषदेपुढे मांडला होता, हे आपण जयंतीच्या भाषणात अभिमानाने सांगतो. मग आपण केलेल्या जीपच्या ड्रायव्हरला अठरा तास कसे बसवितो? भाडे ठरवितानाच विचारावे, "भाऊ, आदल्या दिवशी तुम्ही रिकामे आहात ना?" मुक्काम कुठे, त्याची झोप कुठे, हेही तेव्हाच ठरवावे. सगळे दीक्षाभूमीवर फिरत असताना त्याला सीटवर पाय पोटाशी घेऊन मच्छर मारत पडावे लागते. त्याच्यासाठी एक सतरंजी, एक चादर न्यावी. जेवायला त्याला आपल्या पंगतीत बसवावे, आणि त्याला स्तूपाचे दर्शन घ्यायचे असेल तर गाडीजवळ आपल्यापैकी कोणी थांबावे. दारूचा वास आला तर म्हातारीनेही निःसंकोच गाडी थांबवायला सांगावे. पाचवे शील ड्रायव्हरला आहे तसेच मोटारसायकलवर निघालेल्या मुलांनाही आहे.

एक विचित्र गोष्ट सांगतो. मोटारसायकल आणि ड्रायव्हर ही जोडी जगात काही ठिकाणी एकत्रच असते. गोव्यात पिवळ्या-काळ्या मोटारसायकलवर 'पायलट' पुढे बसतो आणि प्रवासी मागे. व्हिएतनामच्या हा जियांगच्या डोंगरात तर परदेशी पाहुणे दिवसच्या दिवस स्थानिक चालकाच्या मागे बसून घाट पाहतात, कारण तो रस्ता त्याच्या रोजचा असतो. तेथे मागे बसण्यात कोणी कमीपणा मानत नाही. आपल्याकडे मात्र मित्राने "आता मी चालवतो" म्हटले तरी काही जणांना हँडल सोडवत नाही.

मोटारसायकलने जाऊच नये असे आम्ही म्हणत नाही. ती ज्या अंतराची आहे त्या अंतराला तिच्यासारखे वाहन नाही. पौष पौर्णिमेला दाभडच्या बावरीनगर महाविहारात धम्म परिषद भरते. नांदेडकरांनी तेथे मोटारसायकलवर सकाळी जावे, संध्याकाळी यावे. उदगीरला विश्वशांती बुद्ध विहार उभा राहिला, ४ सप्टेंबर २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. लातूरहून साठ-पासष्ट किलोमीटर, एका दिवसाचे काम. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथील त्रिविक्रम मंदिराची विटांची वास्तू मुळात बौद्ध चैत्यगृह असावी असे अभ्यासक सांगतात. मुरूडमार्गे आडवळणाने जायचे, जागोजागी थांबायचे, संग्रहालय पाहायचे, याला मोटारसायकलच हवी. आता आपल्या मुलीही गाडी चालवितात. कॉलेजला स्कूटीवर जाणाऱ्या मुलीने आईला मागे बसवून उदगीरला न्यावे, त्या आईचा चेहरा पाहण्यासारखा असेल.

अजिंठा-वेरूळचे थोडे निराळे आहे. नांदेडहून थेट मोटारसायकलवर निघण्यापेक्षा रेल्वेने किंवा एस.टी.ने छत्रपती संभाजीनगर गाठावे. तेथून वेरूळ तीस किलोमीटर, अजिंठा शंभर. तेथे नातेवाइकाची गाडी मिळाली तर दिवसाउजेडी चालवावी. अजिंठ्याला फर्दापूरच्या फाट्यावर आपली गाडी ठेवून पुढे एस.टी.च्या बसनेच लेण्यांपर्यंत जावे लागते, आणि लेणी सोमवारी बंद असतात. वेरूळ मंगळवारी बंद. हे न पाहता निघालेली किती कुटुंबे दारातून परत येतात!

एवढे सांगूनही नागपूरला मोटारसायकलनेच जाणारी मुले जाणारच. त्यांना आमचे म्हणणे एवढेच, की मागे बसणाऱ्याकडेही लायसन्स असावे आणि दर शंभर किलोमीटरला हात बदलावा. हेल्मेट दोघांनाही, आय.एस.आय. शिक्क्याचे. परतीला रात्री निघू नये. नागपूरला किंवा फार तर यवतमाळला एखाद्या विहारात झोपून उजाडल्यावर निघावे, आणि ती एक हजेरी बुडेल हे आधीच धरून चालावे. लेकरे आणि म्हातारी माणसे जीपमध्ये किंवा एस.टी.त. काही झालेच तर १०८.

हे सगळे ठरवायला विहारापेक्षा चांगली जागा नाही. दसऱ्याच्या महिनाभर आधीच्या रविवारी वंदना झाल्यावर वही उघडावी. कोण एस.टी.ने, कोण जीपने, कोण मोटारसायकलवर, कोणाकडे लायसन्स आहे, कोणाच्या घरी लहान मूल आहे, हे लिहून काढावे. ज्या घराला जीपचे पूर्ण पैसे जमत नाहीत त्यांचा फरक बाकीच्यांनी थोडा थोडा उचलावा किंवा महिलांच्या बचत गटातून घ्यावा. यादी झाली की त्याच संध्याकाळी ड्रायव्हरला फोन करावा. नीट चालविणारे आणि न पिणारे ड्रायव्हर त्या आठवड्यात सगळ्यांनाच हवे असतात.